इस्टेट ते इस्टेट पदभ्रमण : स्कॉटिश हायलँड्समधील वाट, जमीन आणि हक्क

प्रस्तावना

स्कॉटलंडच्या उत्तर व पश्चिम भागातील डोंगराळ प्रदेश ‘हायलँड्स’ या नावाने ओळखला जातो. उंच पठारे, हिमनद्यांनी कोरलेल्या लांबट दऱ्या, खोल सरोवरे आणि विरळ लोकवस्ती ही या प्रदेशाची ठळक वैशिष्ट्ये होत. या प्रदेशात जाणकार मार्गदर्शकासह अनेक दिवस पायी हिंडण्याच्या सहली हा पर्यटनाचा एक रूढ प्रकार झाला आहे. त्यांपैकी काही सहलींची आखणी जुन्या जमीनदारी मुलखांच्या आधारे केली जाते. अशा मुलखास तेथे ‘इस्टेट’ म्हणतात. एका घराण्याच्या किंवा संस्थेच्या मालकीचे डोंगर, नद्या, वने, शेते व शिकारीचे रान आणि त्यांच्या मध्यभागी असलेला महाल किंवा शिकारगृह, असे इस्टेटीचे साधारण स्वरूप असते. एका इस्टेटीतून निघून डोंगर ओलांडून दुसऱ्या इस्टेटीत पोहोचणे, असा या सहलीचा क्रम असतो.

वरवर पाहता हा निसर्गसौंदर्य व राजेशाही वास्तुवैभव यांचा सुखद मेळ आहे. तथापि ज्या वाटेने आजचा प्रवासी निर्वेधपणे चालतो, त्या वाटेसाठी एकेकाळी न्यायालयात झगडावे लागले आहे. आणि जी दरी त्यास ‘अस्पर्श निसर्ग’ वाटते, तेथे एकेकाळी माणसे राहत होती. प्रस्तुत लेखात ब्लेअर अ‍ॅथॉल ते बॅलेटर या मार्गाच्या आधारे अशा पदभ्रमणाचे स्वरूप स्पष्ट केले असून, जमिनीची मालकी आणि चालण्याचा हक्क यांचे परस्परसंबंध उलगडून दाखविले आहेत.

पदभ्रमणाचे स्वरूप व मार्ग

या प्रकारच्या सहलीत साधारणतः लहान गट असतो. गटासोबत डोंगरी वाटांचे व नकाशावाचनाचे प्रशिक्षण घेतलेला मार्गदर्शक असतो. प्रवाशाने पाठीवर केवळ दिवसभराची शिधासामग्री व पावसाळी कपडे घ्यावेत आणि उर्वरित सामान वाहनाने पुढील मुक्कामी पोहोचावे, अशी व्यवस्था बहुधा असते. मुक्काम इस्टेटीवरील जुन्या शिकारगृहात किंवा जवळच्या गावातील निवासगृहात केला जातो.

येथे विचारात घेतलेला मार्ग केर्नगॉर्म्स पर्वतसमूहाच्या दक्षिण अंगाने जातो. ब्लेअर अ‍ॅथॉल या गावी त्याचा आरंभ होतो. तेथून टिल्ट नदीच्या दरीने वर चढून, पाणलोट ओलांडून, डी नदीच्या उगमाकडील खोऱ्यात उतरावयाचे असते. पुढे मार लॉज, ब्रेमार, इन्व्हरकॉल्ड व बॅल्मोरल हे टप्पे घेत बॅलेटर येथे प्रवास संपतो. एकूण अंतर सत्तर-पंचाहत्तर किलोमीटरच्या आसपास भरते. यातील सर्वांत दीर्घ टप्पा टिल्टच्या दरीचा आहे. ब्लेअर अ‍ॅथॉलपासून डी नदीवरील लिन ऑफ डी या घळीपर्यंतचे अंतर सुमारे ३५ किलोमीटर असून वाटेत एकही गाव लागत नाही.

हा संपूर्ण परिसर आज केर्नगॉर्म्स राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत येतो. २००३ मध्ये स्थापन झालेल्या या उद्यानाचा २०१० मध्ये दक्षिणेकडे ब्लेअर अ‍ॅथॉलच्या बाजूस विस्तार करण्यात आला. सुमारे ४,५०० चौरस किलोमीटर क्षेत्रफळाचे हे ब्रिटनमधील सर्वांत मोठे राष्ट्रीय उद्यान होय. मात्र राष्ट्रीय उद्यान म्हणजे सरकारी मालकीची जमीन, असा अर्थ तेथे होत नाही. उद्यानातील बहुतांश भूमी इस्टेटींचीच आहे. भारतीय वाचकाने ही बाब ध्यानी घेतल्याविना पुढील विवेचनाचे मर्म लक्षात येणार नाही.

हवामानाचा विचार येथे अपरिहार्य ठरतो. ब्रेमार येथे १८९५ व १९८२ या दोन वर्षी उणे २७.२ अंश सेल्सिअस इतक्या तापमानाची नोंद झाली असून ते ब्रिटनमधील नोंदलेले नीचांकी तापमान आहे. यास्तव पदभ्रमणाचा हंगाम मुख्यतः मे ते सप्टेंबर असा राहतो. उन्हाळ्यातही धुके, वारा व पाऊस यांचा भरवसा नसतो. पावसानंतर डोंगरी ओढे अल्पावधीत फुगतात. मार्गदर्शकाची आवश्यकता केवळ वाट दाखविण्यापुरती नसते. ओढा ओलांडावा की परतावे, हा निर्णय घेण्यासाठी त्याची खरी गरज असते.

पहिला टप्पा : ब्लेअर कॅसल आणि टिल्टची दरी

ब्लेअर कॅसल हे अ‍ॅथॉलच्या ड्यूक घराण्याचे परंपरागत निवासस्थान. त्याचा सर्वांत जुना बुरूज १२६९ मध्ये बांधावयास घेतला गेला. १७४६ मध्ये जॅकोबाइट सैन्याने या किल्ल्यास वेढा दिला होता. ब्रिटनमधील एखाद्या किल्ल्यास पडलेला तो शेवटचा वेढा समजला जातो. त्याच वर्षी कलोडनच्या रणभूमीवर जॅकोबाइटांचा निर्णायक पराभव झाला. त्यानंतर कुळप्रमुखांचे वंशपरंपरागत न्यायाधिकार कायद्याने संपुष्टात आणले गेले. आपल्या कुळातील माणसांच्या संख्येवर ज्याचे सामर्थ्य मोजले जाई, तो प्रमुख आता जमिनीच्या उत्पन्नावर जगणारा जमीनदार झाला. पुढील शतकातील सामाजिक उलथापालथीचे मूळ या बदलात आहे.

१९३६ मध्ये ब्लेअर कॅसल सर्वसामान्यांसाठी खुले झाले. प्रेक्षकांकडून शुल्क घेऊन दरवाजे उघडणाऱ्या ब्रिटनमधील आरंभीच्या महालांपैकी ते एक होय. १९९६ मध्ये दहाव्या ड्यूकांनी ते एका धर्मादाय विश्वस्त संस्थेच्या स्वाधीन केले. ड्यूक हा किताब दक्षिण आफ्रिकेत राहणाऱ्या नातलगाकडे गेला. महाल मात्र विश्वस्त संस्थेकडे राहिला.

महालाच्या मागून टिल्टची दरी सुरू होते. ही दरी आश्चर्य वाटावे इतकी सरळ आहे, कारण भूकवचातील एका मोठ्या प्रस्तरभंगाच्या रेषेवर ती कोरली गेली आहे. भूविज्ञानाच्या इतिहासात तिला मानाचे स्थान आहे. १७८५ मध्ये जेम्स हटन हे ड्यूकांचे पाहुणे म्हणून येथे आले. नदीच्या पात्रात त्यांना तांबूस ग्रॅनाइटचे फाटे काळसर जुन्या खडकात शिरलेले दिसले. ग्रॅनाइट एकेकाळी वितळलेल्या अवस्थेत असून तो खालून वर घुसला, या त्यांच्या मतास त्यामुळे पुष्टी मिळाली. सर्व खडक पाण्यातून साचून तयार झाले, या तत्कालीन प्रभावी मतास हा मोठा धक्का होता. हटन यांना झालेला आनंद पाहून, त्यांना सोन्या-चांदीचीच शीर सापडली असावी, असे सोबतच्या वाटाड्यांना वाटल्याचे त्यांचे चरित्रकार जॉन प्लेफेअर यांनी नमूद केले आहे.

याच दरीत १८४७ मध्ये एका वेगळ्या संघर्षास तोंड फुटले. एडिनबरा विद्यापीठातील वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक जॉन हटन बॅलफोर आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन ब्रेमारच्या बाजूने दरी उतरत होते. सहाव्या ड्यूकांनी व त्यांच्या शिकारी सेवकांनी त्यांस वाटेत अडविले. दरी हे हरणांच्या शिकारीचे खासगी रान असल्याचा ड्यूकांचा दावा होता. विद्यार्थी अखेर कुंपणाची भिंत ओलांडून पुढे निघून गेले. तथापि प्रश्न तेथेच संपला नाही. सार्वजनिक वाटांच्या रक्षणासाठी १८४५ मध्ये एडिनबरा येथे स्थापन झालेल्या मंडळाने हे प्रकरण न्यायालयात नेले. पिढ्यान्‌पिढ्या गुराखी, व्यापारी व वाटसरू या मार्गाने जात आले आहेत, हा मुद्दा त्यात केंद्रस्थानी होता. दीर्घ लढ्याअंती वाट सार्वजनिक असल्याचे मान्य झाले. ‘टिल्टची लढाई’ या नावाने हा प्रसंग आजही ओळखला जातो.

दरीच्या वरच्या अंगास टार्फ नावाचा ओढा टिल्टला मिळतो. १८६१ च्या ऑक्टोबर महिन्यात राणी व्हिक्टोरिया व प्रिन्स आल्बर्ट ब्लेअरहून बॅल्मोरलकडे परतताना याच ठिकाणी तट्टांवरून पाणी उतरले. पुढे बॅगपाइप वाजविणारे दोन सेवक कमरेइतक्या पाण्यातून चालत होते. या देखाव्याचे चित्र कार्ल हाग या चित्रकाराने रंगविले आहे. त्यानंतर अठरा वर्षांनी, १८७९ मध्ये, याच परिसरात अठरा वर्षांचा एक तरुण प्रवासी बुडून मरण पावला. त्याच्या मित्रांनी व वाटांच्या हक्कांसाठी झटणाऱ्या उपरोक्त मंडळाने निधी जमवून १८८६ मध्ये तेथे पूल बांधला. आजचा प्रत्येक पदयात्री हाच झुलता पूल ओलांडतो. राणीसाठी मनोहर ठरलेला उतार सामान्य वाटसरूसाठी जीवघेणा होता, आणि त्यावरील उपाय इस्टेटीने नव्हे, तर चालणाऱ्यांच्या संघटनेने योजला, ही गोष्ट अर्थपूर्ण आहे.

दुसरा टप्पा : मार लॉज आणि रिकाम्या दऱ्या

पाणलोट ओलांडल्यावर मार लॉज इस्टेट सुरू होते. सुमारे २९,००० हेक्टर विस्ताराच्या या इस्टेटीत बेन मॅकडुई हे १,३०९ मीटर उंचीचे, ब्रिटनमधील दुसऱ्या क्रमांकाचे शिखर अंशतः येते. आजचे लॉज १८९५ मध्ये ड्यूक ऑफ फाइफ व राणी व्हिक्टोरियाची नात प्रिन्सेस लुईझ यांच्यासाठी बांधावयास घेण्यात आले. त्याच्या नृत्यगृहाच्या छतावर व भिंतींवर दोन हजारांहून अधिक हरणांची शिंगासह मस्तके टांगलेली आहेत. व्हिक्टोरियाकालीन शिकारसंस्कृतीचा याहून बोलका पुरावा क्वचितच सापडेल.

या संस्कृतीची एक परिभाषा ध्यानात घेण्याजोगी आहे. हरणांच्या शिकारीसाठी राखलेल्या मुलखास ‘डिअर फॉरेस्ट’ म्हटले जाते. शब्दार्थाने ते ‘हरणांचे अरण्य’ होय. परंतु त्यात वृक्ष फारसे नसतात. येथे ‘फॉरेस्ट’ याचा अर्थ राखीव शिकारक्षेत्र असा आहे. मैलोगणती पसरलेले उघडे, तपकिरी डोंगर हे अशा अरण्याचे रूप होय.

हे उघडेपण कसे निर्माण झाले, याचे उत्तर दोन प्रक्रियांत आहे. पहिली प्रक्रिया माणसांच्या विस्थापनाची. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून हायलँड्समध्ये जमीनदारांनी कुळांना जमिनीवरून उठवून तेथे मोठे मेंढपाळीचे मळे वसविले. लोकरीचा नफा ओसरल्यावर एकोणिसाव्या शतकात अनेक मळ्यांची शिकाररानांत रूपांतरे झाली. या दीर्घ घटनाक्रमास ‘हायलँड क्लिअरन्सेस’ असे म्हणतात. मार लॉजच्या परिसरातील लुईच्या दरीतून अठराव्या शतकातच कुळे हटविली गेली होती. शेजारच्या एई नदीच्या दरीतील कुटुंबे एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात शिकाररानासाठी उठविली गेली. गवतात बुडालेल्या दगडी जोत्यांच्या चौकटी या दऱ्यांत अजूनही दिसतात. अनभिज्ञ प्रवासी त्यांच्याजवळ बसून शिदोरी सोडतो. जाणता मार्गदर्शक मात्र चूल कोठे होती, गोठा कोठे होता, शेताचे बांध कोठून जात होते, हे दाखवितो.

१८८६ मध्ये कुळांना जमिनीचे स्थैर्य देणारा प्रसिद्ध क्रॉफ्टर कायदा संमत झाला. परंतु तो उत्तर व पश्चिमेकडील सात परगण्यांपुरताच लागू होता. अ‍ॅथॉलचा पर्थशायर आणि ब्रेमारचा अ‍ॅबर्डीनशायर हे परगणे त्यातून वगळले गेले. म्हणून या मार्गावर पश्चिम किनाऱ्याप्रमाणे लहान धारकांच्या विखुरलेल्या वस्त्या आढळत नाहीत. महाल आणि रिकामी दरी यांच्यामध्ये दुसरे काही उरलेले नाही.

दुसरी प्रक्रिया वृक्षांच्या पुनरुत्पत्तीची. लांडगा या प्रदेशातून नाहीसा झाल्यावर आणि शिकारीसाठी हरणांची संख्या जाणीवपूर्वक वाढू दिल्यावर पाइनची कोवळी रोपे टिकेनाशी झाली. जुने वृक्ष उभे राहिले. त्यांच्या पायाशी नवी पिढी मात्र उगवली नाही. १९९५ मध्ये नॅशनल ट्रस्ट फॉर स्कॉटलंड या संस्थेने मार लॉज इस्टेट विकत घेतली. त्यानंतर हरणांची संख्या मोठ्या प्रमाणावर घटविण्याचे धोरण स्वीकारण्यात आले. या धोरणावर शिकार-व्यवसायाशी निगडित लोकांकडून टीका झाली, कारण हरणांवर शिकाऱ्यांचे व सेवकवर्गाचे रोजगार अवलंबून असतात. तथापि आज लुई व क्वॉइक या ओढ्यांच्या काठी मुख्यतः कुंपणाविना वाढलेली पाइनची रोपे व तरुण झाडे प्रवाशास दिसतात. जंगल परत येत आहे. मात्र माणसांची वस्ती त्यासोबत परत यावी की नाही, हा प्रश्न हायलँड्समध्ये अद्याप वादाचा आहे.

तिसरा टप्पा : ब्रेमार, इन्व्हरकॉल्ड आणि बॅल्मोरल

ब्रेमार या नावाचा गेलिक भाषेतील अर्थ ‘मार प्रांताचा वरचा भाग’ असा आहे. या मार्गावर स्थलनामे ही इतिहासाची दप्तरेच ठरतात. ‘इन्व्हर’ म्हणजे नदीचे मुख अथवा संगम. ‘डाल’ म्हणजे नदीकाठची सपाट जमीन. ‘आरी’ म्हणजे उन्हाळ्यात गुरे चारावयास नेल्यावर राहण्याची झोपडी. स्वतः केर्नगॉर्म्स पर्वतांचे जुने गेलिक नाव ‘लाल डोंगर’ या अर्थाचे आहे, तर सध्याचे नाव ‘निळा डोंगर’ या अर्थाच्या एका शिखरावरून रूढ झाले. या भागात गेलिक आता दैनंदिन व्यवहाराची भाषा उरलेली नाही. नकाशावर मात्र ती शाबूत आहे.

ब्रेमार येथेच १७१५ मध्ये अर्ल ऑफ मार यांनी जॅकोबाइट बंडाचे निशाण उभारले. बंड फसल्यावर त्यांची जमीन जप्त झाली. शेजारची इन्व्हरकॉल्ड इस्टेट मात्र फार्कर्सन या कुळप्रमुखांच्या घराण्याकडे टिकून राहिली. १६२८ मध्ये बांधलेले ब्रेमार कॅसल याच घराण्याचे असून २००७ पासून त्याची देखभाल व प्रदर्शन यांचे काम गावकऱ्यांची संस्था पाहते. स्वयंसेवक ग्रामस्थ प्रवाशांस किल्ला दाखवितात.

पुढे बॅल्मोरल. राणी व्हिक्टोरियाने ही इस्टेट १८४८ मध्ये भाड्याने घेतली, १८५२ मध्ये ती विकत घेण्यात आली आणि १८५६ मध्ये नवा महाल पूर्ण झाला. ती ब्रिटिश राज्याची सार्वजनिक मालमत्ता नसून राजघराण्याची खासगी मिळकत आहे. हायलँड्समध्ये शरद ऋतूतील शिकार व विश्रांती ही प्रतिष्ठेची गोष्ट ठरली, ती मुख्यतः राणीच्या अनुकरणातून. १८७८ मध्ये राणीने शेजारचे बॅलोखबुई हे जुने पाइन-वन विकत घेतले आणि लाकूड-व्यापाऱ्यांच्या कुऱ्हाडीतून ते वाचविले. आज ब्रेमार ते बॅल्मोरल हा टप्पा या वनाच्या सावलीतून करता येतो. एकाच घराण्याच्या लहरीवर वन वाचते आणि दुसऱ्याच्या लहरीवर दरी ओस पडते, हे मोठ्या खासगी मालकीचे दुहेरी रूप येथे एकाच दिवसाच्या चालीत प्रत्ययास येते.

बॅल्मोरलच्या आवारात भारताशी निगडित एक खूण आहे. राणीचा भारतीय मुन्शी अब्दुल करीम याच्यासाठी बांधलेले घर ‘करीम कॉटेज’ या नावाने आजही ओळखले जाते. राणी एलिझाबेथ द्वितीय यांचे ८ सप्टेंबर २०२२ रोजी बॅल्मोरल येथेच निधन झाले. २०२४ मध्ये महालाच्या अंतर्भागातील काही दालने प्रथमच मार्गदर्शित फेरीसाठी उघडण्यात आली.

संपत्तीचे स्रोत आणि मुंबईचा संबंध

इस्टेटींचा खर्च त्यांच्या स्वतःच्या उत्पन्नातून क्वचितच भागत असे. एकोणिसाव्या शतकात हायलँड्समधील अनेक इस्टेटी अन्यत्र मिळविलेल्या संपत्तीतून विकत घेतल्या गेल्या. त्याचे एक उदाहरण प्रस्तुत मार्गाबाहेरचे असले, तरी मराठी वाचकाच्या दृष्टीने उल्लेखनीय आहे. जार्डिन मॅथेसन या व्यापारी पेढीचे भागीदार जेम्स मॅथेसन यांनी १८४४ मध्ये पश्चिमेकडील लुईस बेट खरेदी केले. त्यांची संपत्ती मुख्यतः चीनशी होणाऱ्या अफूच्या व्यापारातून आली होती. त्यातील माळव्याची अफू मुंबई बंदरातून रवाना होई आणि सर जमशेटजी जीजीभाई हे या पेढीचे मुंबईतील प्रमुख व्यापारी सहकारी होते. बटाट्याच्या दुष्काळानंतर, १८५१ ते १८५५ या काळात, मॅथेसन यांच्या इस्टेटीने शेकडो कुळांना कॅनडात पाठविले. माळव्यातील शेत, मुंबईचा धक्का, चीनचा किनारा आणि लुईसमधील रिकामे घर या चार दूरच्या गोष्टी अशा रीतीने एका सूत्रात बांधल्या गेल्या.

चालण्याच्या हक्काची वाटचाल

टिल्टच्या दरीतील वाद एकटा नव्हता. ब्रेमारहून दक्षिणेकडे डॉलच्या दरीत उतरणाऱ्या ‘जॉक्स रोड’ या वाटेवरूनही १८८० च्या दशकात तसाच खटला झाला. इस्टेटीच्या नव्या मालकाने वाट बंद करताच, याच मार्गाने आपण मेंढ्या बाजारास नेत होतो, अशा साक्षी वृद्ध मेंढपाळांनी दिल्या. प्रकरण लंडनच्या उमराव सभेपर्यंत गेले आणि १८८८ मध्ये निर्णय जनतेच्या बाजूने लागला. १८८४ मध्ये जेम्स ब्राइस यांनी डोंगरांवर फिरण्याची मुभा देणारे विधेयक संसदेत मांडले होते. परंतु ते संमत झाले नाही.

या मागणीची पूर्तता होण्यास शतकाहून अधिक काळ लागला. स्कॉटिश संसदेने २००३ मध्ये भूमिसुधारणा कायदा केला. त्यातील प्रवेशहक्काच्या तरतुदी २००५ मध्ये अमलात आल्या. या कायद्यान्वये कोणासही बहुतांश भूमीवर व अंतर्देशीय जलाशयांवर जबाबदारीने जाण्याचा हक्क आहे. मग ती भूमी कोणाच्याही मालकीची असो. घराभोवतालची खासगी जागा, बागा व उभी पिके असलेली शेते यांना अपवाद करण्यात आले आहे. हक्कासोबत कर्तव्येही सांगितली आहेत : दारे जशी होती तशी ठेवणे, जनावरांना त्रास न देणे, शिकारीच्या दिवसांत स्थानिक सूचनांचा आदर करणे इत्यादी. विशेष म्हणजे, जी कृती विनाव्यापारी स्वरूपात करण्याचा हक्क आहे, तीच व्यापारी तत्त्वावर करण्यासही हा कायदा मुभा देतो. मार्गदर्शित पदभ्रमणाच्या व्यवसायाचा कायदेशीर पाया तो हाच. इंग्लंड व वेल्समध्ये २००० च्या कायद्याने नकाशावर निश्चित केलेल्या उघड्या मुलखापुरताच असा हक्क दिला आहे. स्कॉटलंडची तरतूद त्याहून व्यापक आहे.

तथापि चालण्याचा हक्क म्हणजे मालकीची फेरवाटणी नव्हे. २०१४ मध्ये सादर झालेल्या भूमिसुधारणा पुनर्विलोकन गटाच्या अहवालात, स्कॉटलंडच्या ग्रामीण भागातील निम्मी खासगी जमीन केवळ ४३२ मालकांकडे असल्याचा अंदाज नमूद आहे. प्रवासी दरीतून मुक्तपणे जाऊ शकतो. परंतु दरीत घर बांधावयास जागा मिळेल की नाही, हे ठरविण्यात स्थानिक तरुणापेक्षा इस्टेटीच्या मालकाचा शब्द अधिक वजनदार असतो. पर्यटनातून मिळणारा रोजगार हंगामी असतो आणि घरांचे सुट्टीच्या निवासांत रूपांतर झाल्याने गावकऱ्यांस घरे दुर्मीळ होतात. या प्रश्नांकडे डोळेझाक करून पदभ्रमणाचे आर्थिक लाभ मोजणे अपुरे ठरेल.

बॅलेटर आणि पॅट्रिक गेडिस

प्रवासाचा शेवट बॅलेटर या लहान गावी होतो. अ‍ॅबर्डीनहून येथपर्यंत येणारा लोहमार्ग १९६६ मध्ये बंद झाला आणि त्याच्या जुन्या मार्गावर आता पायवाट आहे. याच गावी १८५४ मध्ये पॅट्रिक गेडिस यांचा जन्म झाला. वनस्पतिशास्त्रज्ञ, नगररचनाकार व समाजशास्त्रज्ञ अशी त्यांची बहुविध ओळख आहे. १९१९ मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा विभाग सुरू झाला, त्याचे पहिले प्राध्यापक गेडिस हेच होते. १९२४ मध्ये विभागाची धुरा गो. स. घुर्ये यांच्याकडे आली. महाराष्ट्रातील समाजशास्त्राच्या अध्यापनाचा एक उगम असा या डोंगरी खोऱ्यापर्यंत पोहोचतो.

गेडिस यांची ‘दरीचा छेद’ ही संकल्पना प्रस्तुत विषयास थेट लागू पडते. पर्वतापासून समुद्रापर्यंत एखादी दरी उभी छेदून पाहिली, तर खाणकामगार, लाकूडतोड्या, शिकारी, मेंढपाळ, शेतकरी व कोळी यांचे व्यवसाय त्या त्या उंचीशी व मातीशी कसे जोडलेले आहेत, हे दिसते, असे त्यांचे प्रतिपादन होते. स्थळ, श्रम आणि लोक या तिहींचा एकत्र विचार करावा आणि तो प्रत्यक्ष भूमीवर हिंडून करावा, असा त्यांचा आग्रह असे. डी नदीच्या खोऱ्यातून उतरणाऱ्या पदयात्र्यास हा छेद दिसतो. पण तो खंडित आहे. वरच्या भागात शिकारी आहे, मेंढपाळ तुरळक आहे, आणि शेतकऱ्याच्या जागी पडकी जोती आहेत. गेडिस यांच्या चौकटीतून पाहता, स्थळ टिकले. श्रम व लोक मात्र नाहीसे झाले, असे या दऱ्यांचे वर्णन करता येईल.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून असे दिसते की, या मार्गावर प्रवासी मालकीच्या चार भिन्न प्रकारांतून जातो : ब्लेअर येथे धर्मादाय विश्वस्त संस्था, मार लॉज येथे राष्ट्रीय वारसा-संस्था, इन्व्हरकॉल्ड येथे जुने कुळप्रमुख घराणे आणि बॅल्मोरल येथे राजघराण्याची खासगी मिळकत. मालक बदलतो, तसे हरणांचे, वृक्षांचे व माणसांचे भवितव्य बदलते. चालण्याचा हक्क मात्र चारही ठिकाणी एकच राहतो. तो प्राध्यापक, विद्यार्थी, मेंढपाळ व सामान्य वाटसरू यांच्या दीर्घ प्रयत्नांतून सिद्ध झाला आहे.

यामुळे मार्गदर्शकाच्या भूमिकेस विशेष महत्त्व येते. त्याने केवळ महालांच्या दालनांचे व शिखरांच्या उंचीचे वर्णन केले, तर सहल सुखाची होईल. पण दरीचे रिकामेपण निसर्गदत्त आहे, असा चुकीचा समज घेऊन प्रवासी घरी परतेल. त्याने टार्फवरील पुलाजवळ, लुईच्या दरीतील जोत्यांजवळ आणि पाइनच्या नव्या रोपांजवळ थोडा वेळ थांबविले, तर तीच सहल इतिहास, भूविज्ञान, पर्यावरण व विधी या विषयांचे प्रत्यक्ष अध्ययन ठरेल. वारसा-पर्यटनाच्या नियोजनात महालांच्या जतनाबरोबर वाटांच्या, स्थलनामांच्या व ओस पडलेल्या वस्त्यांच्या नोंदींना समान स्थान देणे यासाठी आवश्यक आहे.